दोरा विरघळेपर्यंत

सुनंदा चौधरीला दवाखान्यातली रिकामी खाट दिसली की ती तिच्यावर बसल्याशिवाय राहायची नाही.

आमच्या शाळेतलं कुणी आजारी पडून दाखल झालं की बघायला जाणाऱ्यांत ती पहिली. सोबत केळी. बुऱ्हाणपुरात आजाऱ्याला केळी नेण्याइतकं निरर्थक काम दुसरं नाही. ज्याच्या त्याच्या घरी कुणा नातेवाइकाच्या मळ्यातला घड पिकत पडलेला असतोच. पण रिकाम्या हाती जायचं नाही म्हणून सगळेच नेतात आणि शेवटी ती केळी वॉर्डातले बाकीचे पेशंट खातात. तर सुनंदा केळी उशाशी ठेवायची, "कसं वाटते?" एवढं विचारायची, आणि शेजारच्या मोकळ्या खाटेवर बसून पाय हलवत राहायची. आमच्या हेडक्लार्कना टायफॉइड झाला तेव्हा मी तिच्याबरोबर होते. तिने गादी दाबून पाहिली, पंख्याकडे पाहिलं, खिडकीला पडदा आहे का तेही पाहिलं.

"पंखा चांगला आहे हो," ती त्यांना म्हणाली. "आवाज नाही करत. आणि जेवण? खाटेवर आणून देतात?"

"देतात ना. पण फिकं असते."

"असू द्या फिकं. आणून देतात ना."

हेडक्लार्कना वाटलं, मॅडम आपली किती चौकशी करतात. ती चौकशी त्यांची नव्हती. तीर्थाला निघालेला माणूस धर्मशाळा बघून ठेवतो ना, तशी ती बघत होती. घरी येताना रिक्षात मी तिची यथेच्छ टिंगल केली. तीही हसली. तोपर्यंत मी तिच्या घरी आत, मधल्या खोलीत गेलेली नव्हते.

सुनंदा सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायची. अंगाने किरकोळ, आवाज मात्र दोन वर्गांना पुरेल असा. पोरांनी तिचं नाव 'कारण मॅडम' ठेवलं होतं. कुणी उशिरा आला आणि म्हणाला, "मैडम, साइकिल पंचर हो गई," की ती शांतपणे म्हणायची, "ये तो घटना हुई. कारण बताओ." मग तो बिचारा काटा, रस्ता, रस्ता खोदणारे असं मागे मागे जात राहायचा आणि वर्ग हसत राहायचा. उत्तर बरोबर असून कारण चुकलं तर ती मार्क द्यायची नाही. उत्तर चुकलं आणि कारण बरं असलं तर थोडे का होईना द्यायची. जगात कारणाशिवाय काही होत नाही आणि योग्य कारण दिलं की कुणीही ऐकतं, यावर तिची खरोखरच श्रद्धा होती.

ती डबा उभ्याने खायची. "बसले तर उठवत नाही मग," म्हणायची. मोकळ्या तासाला मात्र स्टाफरूममधल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून झोपायची. समोर उघडी वही, हातात लाल पेन, मान ताठ. दारातून बघणाऱ्याला वाटावं, मॅडम कुणाची तरी चूक शोधताहेत. पेन कधी हातातून पडलं नाही. प्राचार्य येऊन गेले तरी आम्ही कुणी तिला उठवत नसू.

तिचं घर शनवाऱ्याच्या आतल्या गल्लीत. यजमान सुरेशभाऊ, त्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. स्वभावाने देवमाणूस, म्हणजे घरात हलायचं नाही, फक्त असायचं. मुलगा इंदूरला नोकरीत, तो दिवाळीला यायचा. नणंद जळगावला, ती फोनवरून सेवा करायची. आणि मधल्या खोलीत जिजी, म्हणजे सुनंदाची सासू.

जिजी न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर ती खाटेवरून उतरली नाही. देहाने भारी बाई. गळ्यात तुळशीची माळ, आणि माळेचे नियम असे कडक की घरात चामडं यायचं नाही. सुरेशभाऊंचा पट्टा रेक्झिनचा. आलेल्या बाईची पर्स चामड्याची दिसली तर ती ओट्यावर ठेवावी लागायची. माझीही एकदा ठेवायला लावली, आणि ती खरी चामड्याची नाही हे सांगायची मला लाज वाटली.

पण जिजी वाईट बाई नव्हती. वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं. फोपनारहून सून होऊन आलेल्या सुनंदाला बी.एस्सी. पुरं करू दिलं ते जिजीने. सासरा म्हणाला होता, सुनेने शाळेत जाऊन काय करायचं; तर जिजीने जेवणावर बहिष्कार घातला होता. नातवाला तिनेच वाढवलं, म्हणून सुनंदा नोकरी करू शकली. "मी आज मास्तरीण आहे ती जिजीच्या जिवावर," हे सुनंदाच सांगायची, आणि हे सांगताना तिचा चेहरा कृतज्ञ दिसायचा आणि दमलेलाही.

त्या जिजीला दिवसातून कितीदा तरी उचलावं लागायचं. भांडं द्यायला, चादर बदलायला, टेकून बसवायला. ते काम सुनंदानेच करायचं. तिची एक रीत होती. गुडघा खाटेच्या कडेला रोवायची, दोन्ही हात जिजीच्या काखेखालून घालायची आणि म्हणायची, "एक, दोन, माय!" 'माय' म्हटलं की जिजी अंग सैल सोडायची आणि सुनंदा तिला वर घ्यायची. ते दोघींचं असं काही जमलं होतं की बघत राहावं. दुसऱ्या कुणी हात लावला की जिजी लाकडासारखी ताठ व्हायची आणि ओरडायची. सुरेशभाऊंनी तर हातच लावायचा नाही; पोटच्या पोराने आईचं भांडं कसं द्यायचं, असं त्या दोघांचंही मत होतं.

त्या उचलण्यातूनच सुनंदाच्या बेंबीजवळ गाठ आली. खोकली की बाहेर यायची, निजली की आत जायची. वर्षभर तिने ती पदराखाली वागवली. एक दिवस फळ्यापाशी पोटावर हात धरून मटकन खाली बसली, तेव्हा मीच तिला ओढून डॉक्टरकडे नेलं. इच्छापूर रस्त्याला एक नवा दवाखाना झाला होता, काचेचा. डॉक्टर तरुण, मराठी बोलणारे, वागायला गोड. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, हर्निया आहे, ऑपरेशन करून आत जाळी बसवावी लागेल.

सुनंदाचा चेहरा उजळला. मी शपथेवर सांगते, उजळला.

"मग किती दिवस ठेवाल?"

"ठेवायचं काय त्यात, मॅडम? सकाळी या, संध्याकाळी घरी."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. आता जमाना बदलला. पेशंट आपल्या माणसांत लवकर बरा होतो. घरच्यासारखा आराम कुठे असतो?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच, दुकानात भाव करतात तसं म्हणाली, "चार दिवस ठेवून घेता नाही येणार? दोन?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, मॅडम घाबरल्यात. त्यांनी तिला खूप धीर दिला. दीड महिना पाण्याची भरली बादलीसुद्धा उचलायची नाही, एवढं मात्र बजावून सांगितलं. ती मान हलवत राहिली. बाहेर आल्यावर पायरीवर उभी राहून म्हणाली, "ज्योती, दुसऱ्या बाळंतपणाला पोट कापलं होतं ना माझं, तेव्हा सरकारीत आठवडाभर ठेवलं होतं. ते बाळ राहिलं नाही, तुले माहीत आहे. पण आठवडाभर मले कोणी हाक नाही मारली." एवढं बोलून ती रिक्षा बघायला लागली.

ऑपरेशनच्या दिवशी सुरेशभाऊंना दुकान आणि जिजी, म्हणून सोबत मी. सगळं सुरळीत झालं. दुपारी तिला खाटेवर आणून निजवलं. हिरवा पडदा, वर आवाज न करणारा पंखा. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काय केलं, तर चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि डोळे मिटले. त्या दवाखान्याची पद्धत अशी की पेशंट चहा प्यायला, लघवीला जाऊन आला, उभं राहून चक्कर आली नाही, की सोडायचं. सिस्टर येऊन विचारून जायची.

"आंटी, चाय पी?"

"उल्टी जैसा लगता है."

"पेशाब हुआ?"

"नहीं."

"चक्कर?"

"आता है. बहुत."

मीच तिला मघाशी हाताला धरून नेऊन आणलं होतं, आणि चहा तर बिस्किटासकट संपला होता. सिस्टर गेल्यावर मी कप दाखवला. सुनंदा डोळे न उघडता म्हणाली, "चूप राह. तुला काय घाई आहे?" पोरांच्या खोट्या कारणांवर उभं आयुष्य फुल्या मारलेली बाई अशी शाळकरी पोरासारखी खोटं बोलत पडली होती. बाहेर ऊन उतरेपर्यंत तिने निभावलं. मग डॉक्टर स्वतः आले, नाडी पाहिली, पाठीवर थाप मारून म्हणाले, "एकदम मस्त! चला घरी." दवाखाना ठेवून घेईना आणि घर निजू देईना, आई जेवू घालीना अन् बाप भीक मागू देईना म्हणतात ते हेच. रिक्षा शनवाऱ्याच्या दरवाजातून आत वळली तशी ती सरळ बसली आणि पदर खोचून घेतला.

उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत मधल्या खोलीतून हाक आली, "आली का वं सुनंदा? सकाळधरून वाट पाहून रायली मी."

आपल्याकडे आजारपणाचा एक कायदा आहे. दवाखान्यात असेल तो आजारी, घरी आला तो बरा. सकाळी जाऊन संध्याकाळी आलेल्या बाईला कोण आजारी म्हणेल? दुसऱ्या दिवशी मी शाळा सुटल्यावर गेले तर ओट्यावर चपलाच चपला. गल्लीतल्या बायका, दुकानाचे शेजारी, धूलकोटहून आलेले कुणी मामा, सगळे सुनंदाला बघायला आलेले. आणि सुनंदा कुठे? आत. त्यांच्यासाठी चहा करत होती.

"बस झालं आता आपरेशन," मामा म्हणत होते. "पयले लोक पंधरा पंधरा दिवस पडून राहत. आता बघा, गेली अन् आली. बाजार केल्यासारखी!"

"खरं आपरेशन असतं तर ठेवून घेतलं नसतं का?" एक बाई म्हणाली. "काही किरकोळ असीन."

तेवढ्यात सुनंदाचा फोन वाजला. ती एका हाताने चहा ढवळत होती, म्हणून तिने फोन मोठ्या आवाजावर टाकला. दवाखान्यातली मुलगी पाठ केलेलं बोलत होती. हमारी सेवा से आप संतुष्ट हैं? एक से पाँच में बताइए. डॉक्टर का व्यवहार? साफ-सफाई? नर्सिंग?

सुनंदा प्रत्येकाला "पाँच" म्हणत गेली. मुलगी खूश होऊन म्हणाली, "और घर पर आराम है ना, मैडम?"

चहा उतू गेला. सुनंदाने गॅस बंद केला. "आपका दवाखाना पाँच," ती म्हणाली, "घर का आप मत पूछो." आणि आतून हाक आली म्हणून फोन ठेवून जिजीला उचलायला गेली. मी मागे धावले, पण तोवर "एक, दोन, माय!" झालं होतं. ती परत आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मला इतका संताप आला की मी तिथल्या तिथे सुरेशभाऊंना चार शब्द सुनावले. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, ताई," आणि दुकानात निघून गेले.

डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हटलंय, हे सुनंदाने जिजीला सांगितलं होतं. जिजी म्हणाली, "मी काय वजन आहे का वं? मी तुही सासू." हे कारण तिथेच निकालात निघालं. टाके तुटतील म्हटलं, तर जिजीने आपल्या काळातल्या बाळंतिणी कशा कापूस वेचायला जायच्या ते सांगितलं. विज्ञानाचं एकही कारण त्या खोलीचा उंबरा ओलांडू शकत नव्हतं.

मग तिसऱ्या का चौथ्या दिवशी जिजीने सहज विचारलं, "पोट शिवलं कशानं?"

हे सुनंदानेच मला नंतर सांगितलं. म्हणाली, तोंडून आपोआप निघालं. "दोऱ्यानं, जिजी. जनावराच्या आतड्याचा असतो तो."

पूर्वी असा दोरा असायचा. सातवीच्या वर्गात ती हे शिकवायचीही, आणि पोरं ईईई करायची. आता तसला वापरत नाहीत, आपल्या पोटातला कारखान्यात बनलेला आहे, हे तिने डॉक्टरांना स्वतः विचारून घेतलं होतं. पण जिजीचा हात माळेवर गेला आणि सुनंदाला वाट दिसली.

"कोन्या जनावराचा?"

"ते थोडीच सांगतात."

"निघीन केव्हा?"

"निघत नाही. आपोआप विरघळतो. दीड महिना लागतो म्हणतात."

जिजी म्हणाली, "तंवरक चुलीले, पान्याले अन् मले शिवू नको."

मला हे सांगताना सुनंदा इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. "फोपनारला आमची काकू महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची ना," ती म्हणाली, "लोक म्हणत, बिचारी. अन् ती त्या चार दिवसांची वाट बघायची! आता माझं वय गेलं, नाहीतर तेच केलं असतं." मी शिवाशिवीच्या नावाने नेहमी बोटं मोडणारी. त्या दिवशी मात्र मीही हसले. ज्या फासाने बायकांना आजवर बांधलं त्याचीच हिने खाट विणली होती.

आणि ती खरंच निजली. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर, भरदिवसा, पाय पसरून. सुरेशभाऊ खिचडी शिकले. पहिले काही दिवस ती पातेल्यासकट फेकावी लागली, मग जमली. जिजीचं करायला गल्लीतली लीलाबाई यायला लागली. मी गेले की सुनंदा उशीला टेकून जुनी मासिकं वाचत असायची. बसून जेवायची. गालांवर रंग आला. टाके दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बघा, म्हटलं होतं ना? घरच्यासारखा आराम नाही." ती गंभीरपणे हो म्हणाली. एकदा मी गेले तर झोपलेली, तोंड जरासं उघडं, हातात पेन नाही की वही नाही. मी न उठवता परत आले.

पण मधल्या खोलीत वेगळंच चाललं होतं. जिजीला लीलाबाईचा हात सहन होत नव्हता. लीलाबाई तिला ओढायची, जिजी किंचाळायची, ताठ व्हायची. मग जिजीने आपल्यापुरता तोडगा काढला. तिने पाणी पिणं सोडलं. पाणीच नाही प्यायलं तर भांडं लागत नाही, भांडं नाही लागलं तर परक्या हाताने उचलून घ्यावं लागत नाही. तांब्या भरलेला तसाच राहायचा. सुरेशभाऊंना वाटलं, थंडी आहे, तहान लागत नसेल.

हे ओळखलं सुनंदानेच, दारात उभं राहून. मी त्या दिवशी तिथेच होते. जिजीचे ओठ फुटले होते, जीभ जड झाली होती.

"जिजी, पानी पिऊन नाई रायल्या तुम्ही," सुनंदा उंबऱ्यापाशी थांबून म्हणाली.

जिजी छताकडे बघत होती. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी वाहत होतं, तेवढंच काय ते अंगात उरलेलं. "ते बाई मले पोत्यासारखी ओढते वं," ती म्हणाली. "मी पोतं आहे का?"

मी पुढे झाले. म्हटलं, मी उचलते. सुनंदाचं बघून बघून मला सगळं पाठ होतं. गुडघा रोवला, हात काखेखाली घातले, "एक, दोन, माय!" म्हटलं. जिजीचं अंग दगड झालं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात काढून घेतले.

मग जिजीने काय केलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिने गळ्यातली माळ धरली. लहानपणी घातलेली माळ. ती डोक्यावरून काढताना केसांत अडकली, तशीच ओढली, आणि माझ्यापुढे धरली.

"त्या खुटीले टांग," ती मला म्हणाली. मी ती टांगली, तशी सुनंदाकडे वळून म्हणाली, "ये आता. माळ काढली मी. आता मले काहीबी चालते. उचल."

सुनंदा दाराची चौकट धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर इतक्या आठवड्यांत आलेला रंग माझ्यादेखत उतरला. मग ती आत आली, जिजीच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "जिजी, मी खोटं बोलली. दोरा जनावराचा नाई. सुताचाच समजा. माळ घाला तुम्ही."

मला वाटलं, म्हातारी शिव्या देईल. तिने नुसता सुनंदाच्या पोटाकडे हात केला, पदरावरून, हलकेच. "दुखते का अजून?"

"थोडं."

"खरं सांग."

"दुखते."

"मंग बरं केलं खोटं बोलली ते," जिजी म्हणाली. "तुले निजू द्याले पाहिजे होतं. पन मी काय करू वं? माह्या देहाले तुहाच हात समजते."

मी खुंटीवरची माळ काढायला हात केला. जिजीने मान हलवली. "राहू दे तिथीच. घातली, तर उद्या अजून काही निघीन. हिचं डोकं लय चालते." ती हसली, फुटक्या ओठांनी. "आता हिच्यापाशी कारनच नाई ठेवत मी."

सुनंदाही हसली. खरंच हसली. मग मला म्हणाली, "सरक, ज्योती," गुडघा खाटेला रोवला आणि हात घातले. एक, दोन, माय. जिजीने अंग सोडून दिलं. आधी भांडं झालं, मग तांब्याभर पाणी ती घटाघटा प्यायली. मी खुंटीवरच्या माळेकडे बघत उभी राहिले, कारण सुनंदाकडे बघवत नव्हतं. तिला कुणी कोंडलं नव्हतं. दार उघडं होतं, मी स्वतः त्यातून आले होते आणि जाणार होते. पण तिला बाहेर कसं काढावं हे मला आजही माहीत नाही.

गाठ परत आली, पहिल्यापेक्षा मोठी. डॉक्टर हळहळले. जाळी सुटली म्हणाले, पुन्हा करू. सुनंदाने विचारलं, "या वेळी ठेवाल?" ते म्हणाले, "गरजच नाही, मॅडम. सकाळी या..." तिने त्यांचं वाक्य पुरं होऊ दिलं, नमस्कार केला आणि पुन्हा त्यासाठी गेली नाही. शाळेत एका हाताने खडू धरायची, दुसरा हात पदराखाली पोटावर. पोरांना वाटायचं, मॅडमची ती उभं राहायची पद्धतच आहे.

मी निवृत्त झाले आणि भावाकडे खंडव्याला जायचं ठरलं. जायच्या आधी माझा डोळा करून घ्यायचा होता; साखरेमुळे मोतीबिंदू लवकर पिकला. तोच दवाखाना, तसंच, सकाळी जाऊन दुपारी घरी. सोबत सुनंदा आली. लीलाबाईला दोन तास बसवून आली होती.

मला आतून बाहेर आणलं तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्याने पाहिलं तर माझ्या खाटेवर सुनंदा झोपलेली. बसली असेल आधी, पाय हलवत. मग आडवी झाली असेल. आता चादर हनुवटीपर्यंत ओढून, कुशीवर वळून, गाढ. मी आवाज न करता शेजारच्या स्टुलावर बसले. सिस्टर नवीन होती. हातात चहाचा कप घेऊन आली, घाईत, आणि खाटेवर वाकली.

"आंटी, चाय पी लो. चक्कर तो नहीं आ रहा?"

सुनंदाने डोळे उघडले नाहीत. "आता है," ती म्हणाली. "बहुत."

"तो थोड़ी देर और लेटो." सिस्टरने हिरवा पडदा ओढला, माझ्या पट्टीकडे न बघताच कप माझ्या हातात दिला, आणि मला म्हणाली, "आप साथ में हैं ना? इनको अभी उठाना मत."

"नाही उठवणार," मी म्हटलं.

सुनंदाची पर्स माझ्या मांडीवर होती. तिच्यातला फोन वाजायला लागला. मी तो बाहेर काढून तळहाताखाली दाबला. वाजून वाजून बंद झाला. पंखा फिरत होता. मग पुन्हा वाजला. एका डोळ्याने मला नाव धूसर दिसलं, घर. मी आवाज बंद करायचं बटण शोधत होते, आणि ते मला सापडत नव्हतं.

"घे गं, ज्योती," सुनंदा डोळे मिटूनच म्हणाली. "नाहीतर ती पानी पीत नाही."